जुने फोटो आणि मुंबईची हवा : वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आमच्याकडे येते : फोटो चिकटले, फोटोंवर डाग पडले, अल्बमला वास मारतोय. म्हणून या वेळचं पान फक्त फोटोंना दिलं आहे. उत्तरं वाचण्याआधी एक विनंती. खाली सांगितलेलं काहीही करायला घेण्यापूर्वी फोटो आहे त्या अवस्थेत, पुढून आणि मागून, मोबाइलवर टिपून ठेवा. हात चुकला तरी निदान काय होतं ते हाताशी राहतं.

आईवडिलांच्या लग्नातला १९५८ सालचा काळापांढरा फोटो काचेच्या फ्रेममध्ये आहे. मधोमध तो काचेला चिकटला आहे आणि कडेला पांढरट बुरशी दिसते. फ्रेमवाला म्हणतो, काच गरम करून सोडवून देतो. देऊ का?
— एक वाचक, दादर

देऊ नका. त्या काळातल्या फोटोचं चित्र कागदात नसतं. ते कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असतं, आणि त्या थरात चांदीचे सूक्ष्म कण असतात. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेली सरस. पापड सादळतो तसा हा थर जुलै-ऑगस्टच्या हवेत सादळतो, फुगतो, मऊ होतो आणि काचेला टेकतो. पुढे हवा कोरडी झाली की तो वाळतो आणि काच गोंदासारखी धरून बसतो. अशी काच गरम केली तर मऊ झालेला थर कागद सोडतो, काच सोडत नाही. मग चेहरे काचेवर राहतात आणि हातात पांढरा कागद येतो. पाण्यात भिजवून सोडवायचा उपायही घरी करू नका. बुरशीने जिलेटिन आतून कुरतडलेलं असलं की ते पाण्यात विरघळतं. बुरशी ओल्या फडक्याने कधीच पुसायची नाही, तीही याच कारणाने.

घरी करण्यासारखं हे आहे. फ्रेम उलटी ठेवून मागचे खिळे काढा आणि मागचा हार्डबोर्ड किंवा प्लायवुड बाजूला करा. फोटो आणि काच एकत्रच राहू द्या. मागच्या कागदावर बुरशी असेल तर फोटो पंख्याखाली नाही, पण मोकळ्या हवेत सावलीत दोन दिवस ठेवा. ती वाळून भुरभुरीत झाली की तोंडाला एन-९५ मास्क लावून, गॅलरीत, मऊ ब्रशने हलकेच झटका. मग काच बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि काचेसकट फोटो फ्लॅटबेड स्कॅनरवर पालथा ठेवून स्कॅन करा. स्कॅनर जरा जाड, जुन्या धाटणीचा, सीसीडी प्रकारचा हवा. हल्लीचे सडपातळ सीआयएस स्कॅनर फक्त काचेला चिकटलेलं तेवढं स्पष्ट टिपतात. मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फ्रेमची काच आली की चित्र धूसर येतं. तसा स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ टेबलावर आडवा ठेवा, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा म्हणजे काचेत प्रतिबिंब पडणार नाही, आणि वरून फोटो घ्या.

या स्कॅनवरून प्रत छापून घ्या आणि भिंतीवर ती लावा. मूळ फोटो काचेसकट पेटीत जाऊ दे. चिकटलेला भाग सोडवायचाच असेल तर ते प्रशिक्षित संवर्धकाचं काम आहे. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येईल.

नव्या प्रतीसाठी फ्रेमवाल्याला दोन पदरी माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावायला सांगा, म्हणजे काच आणि फोटो यांत साधारण तीन मिलिमीटर पोकळी राहते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. न्हाणीघराची भिंत आणि पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत या दोन्ही टाळा. गेलेल्या माणसाच्या फोटोला आपण हार घालतो, गंध लावतो, समोर उदबत्ती लावतो. ओला हार, तेलकट धूर आणि फ्रेमच्या फटीतून उतरणारं गंधाचं पाणी हे सगळं मूळ फोटोवर जातं. ही सेवा प्रतीची करावी.

चाळीतली एक खोली. फोटो पत्र्याच्या ट्रंकेत, पोटमाळ्यावर. आई त्यात डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला टाकायची, आम्हीही टाकतो. तरी दरवर्षी थोडे फोटो खराब होतातच. चुकतं कुठे?
— एक वाचक, लालबाग

आधी ट्रंक खाली उतरवा. पोटमाळा घरातली सर्वांत तापणारी जागा, आणि छप्पर गळलं की पाणी पहिल्यांदा तिथेच पडतं. उष्णता वाढली की फोटोमधल्या रासायनिक क्रिया वेग घेतात. जमिनीलगतही नको. आतल्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट असेल तर त्याचा मधला खण उत्तम. लाकडी किंवा प्लायवुडचं कपाट आम्ही दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण लाकूड आणि त्यातला गोंद आम्लाची वाफ सोडत राहतात.

डांबरगोळ्या काढून टाका. त्यांची वाफ बुरशी थांबवत नाही. उलट काही प्रकारचं प्लास्टिक तिने मऊ पडतं आणि बंद जागेत तिचे खडे पुन्हा वस्तूंवर जमतात. पाल्यात पाणी असतं, ते पेटीत ओल वाढवतं आणि पानांचे डाग कागदाला लागतात. आईंची काळजी खरीच होती, पण ती किड्यांविरुद्धची होती. इथला मोठा शत्रू ओलावा आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता सलग काही दिवस ६५ टक्क्यांच्या वर राहिली की जिलेटिनवर बुरशी धरते, आणि मुंबईत पावसाळ्यात ती ८०च्या वर असते. फोटोंना ३० ते ५० टक्के मानवते. ३०च्या खाली गेली तर थर आकसतो, फोटो वळतात, तडकतात. म्हणजे कोरडं करायचं, पण कुरकुरीत नाही.

साध्या साहित्यात हे जमतं. स्वयंपाकघरात वापरतात तसा, झाकणाला रबराची कडी असलेला, दहा लिटरचा हवाबंद डबा घ्या. डबा पॉलिप्रॉपिलीनचा असावा. सिलिका जेलचं प्रमाण लिटरला २० ग्रॅम धरा, म्हणजे दहा लिटरला २०० ग्रॅम. नारंगी दाणे घ्या, ते ओलावा प्यायले की हिरवट होतात. सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून डब्याच्या तळाशी ठेवा, वर जाड पुठ्ठा आणि त्यावर फोटो. दाण्यांचा फोटोला स्पर्श नको. हिरवट झालेले दाणे ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा नारंगी होतात. गॅसवर कढईत परतू नका, आच कळत नाही आणि दाणे करपून कायमचे निकामी होतात.

डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाका. तो विश्वासू आहे की नाही हे मीठ सांगतं. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत होईल एवढे पाण्याचे थेंब टाका. बूच आणि मापक एका झिपच्या पिशवीत घालून, हवा न जाऊ देता, दहा-बारा तास ठेवा. मिठाच्या ओल्या लगद्यावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापकाने ८० दाखवलं तर तो पाचाने जास्त दाखवतो, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. डब्यातला आकडा ३०च्या खाली गेला तर निम्मे दाणे काढा.

सर्वांत जास्त माणसं चुकतात ती डबा भरण्याच्या दिवशी. ऑगस्टमध्ये सादळलेले फोटो हवाबंद केले तर त्यांच्यातलाच ओलावा आत कोंडतो आणि बुरशी जोमाने वाढते. डबे जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या दुपारी भरा. पावसाळ्यातच भरायची वेळ आली तर एखाद्या नातेवाइकाच्या एसी खोलीत फोटो दोन दिवस सलग पसरून ठेवा आणि तिथेच झाकण लावा. रोज रात्री चार तास एसी आणि दिवसा दमट हवा हे मात्र वाईट : थर रोज फुगतो आणि रोज आकसतो.

किड्यांबद्दल थोडक्यात. कसर आणि झुरळं येतात ती खळ, गोंद आणि जिलेटिन खायला. घट्ट झाकणाने ती बाहेर राहतात, कपाटात चिकट सापळे लावले की कोण फिरतंय ते कळतं. कीटकनाशक फोटोंच्या आसपास फवारू नका.

फोटो एकमेकांवर उघडे रचू नयेत. प्रत्येकाला आम्लमुक्त कागदाचं पाकीट द्या. मुंबईसाठी आम्ही प्लास्टिकच्या पाकिटांपेक्षा कागदी पाकिटं सुचवतो, कारण गुळगुळीत प्लास्टिकला दमट हवेत फोटो चिकटतात. विकत घेताना हे पाकीट फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्टमध्ये उतरलं आहे का, असं विचारा. आम्लमुक्त असलेला प्रत्येक कागद फोटोला निर्धोक असतो असं नाही, म्हणून ही वेगळी चाचणी आहे. प्लास्टिक वापरायचंच असेल तर पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. नव्या रेनकोटसारखा वास येणारं पीव्हीसी अजिबात नको. रबरबँडमध्ये गंधक असतं, ते चांदीला काळवंडतं. टाचणी, यू-पिन, सेलोटेप आणि फेव्हिकॉल या चौघांनाही बंदी.

आणि दिवाळीआधी घराला ऑइलपेंट काढणार असाल तर फोटो दीड-दोन महिने दुसऱ्या घरी हलवा. ताज्या तैलरंगातून पेरॉक्साइडची वाफ निघते. तिने चांदीचे कण विरघळून वर सरकतात आणि फोटोच्या गडद भागावर आरशासारखी निळसर चकाकी येते किंवा पिवळे-तांबडे ठिपके पडतात.

पणजोबांचा तपकिरी फोटो जाड पुठ्ठ्यावर आहे, खाली स्टुडिओचं नाव छापलंय. तो नक्की किती जुना? पुठ्ठा कुजत चाललाय, फोटो सोलून नव्या कागदावर लावू का?
— एक वाचक, गिरगाव

सोलू नका, पुठ्ठाच तुम्हाला वय सांगणार आहे. मोजपट्टी घ्या. पुठ्ठा साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटर असेल तर त्याला कार्त द व्हिझीत म्हणत, ही पद्धत १८५४ मध्ये पॅरिसच्या डिस्देरीने पेटंट केली. पावणेअकरा बाय साडेसोळाच्या आसपास असेल तर ते कॅबिनेट कार्ड, त्याची चलती १८६६ नंतरची.

आता दहापट किंवा अधिक मोठं दाखवणारं भिंग लावा. फोटोच्या उजळ भागात कागदाचे धागे स्पष्ट दिसले, वर बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या आणि पांढरं पिवळसर पडलेलं असेल तर तो अल्ब्युमेन फोटो. १८५० मध्ये फ्रान्सच्या ब्लांकार-एव्रारने शोधलेली ही पद्धत : पातळ कागदावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर, त्यावर सिल्व्हर नायट्रेट, आणि काचेच्या निगेटिव्हखाली उन्हात ठेवून छपाई. कागद इतका पातळ की तो गुंडाळला जाई, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवत. १८९०च्या दशकापर्यंत याच कागदाचं राज्य होतं. धागे दिसत नसतील, रंग तपकिरी-जांभळट असेल तर नंतरचा प्रिंटिंग-आउट, म्हणजे उन्हातच चित्र उमटणारा कागद : त्यात कागद आणि चित्र यांच्यामध्ये बॅराइटाचा पांढरा लेप असतो, तो धागे झाकतो. हा साधारण १८८५ पासून १९२०च्या दशकापर्यंत. धागे दिसत नाहीत, रंग स्वच्छ काळा-राखाडी, आणि कडेच्या गडद भागावर चांदीची चकाकी असेल तर विसाव्या शतकातला सिल्व्हर जिलेटिन.

मुंबईत हे सगळे प्रकार सापडण्याचं कारण हे शहर या कलेत फार लवकर शिरलं. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली, म्हणजे पॅरिसमध्ये डगेरोटाइप, ही फोटो काढण्याची सुरुवातीची पद्धत, जाहीर झाल्याला अवघी पंधरा वर्षं झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी या सोसायटीत होते आणि स्वतः उत्तम फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण त्यातूनच शिकून पुढे व्यावसायिक छायाचित्रकार झाले. राजा दीनदयाळ यांचा मुंबईतला स्टुडिओ १८९६ चा. म्हणजे त्यांचा मुंबईचा पत्ता छापलेलं कार्ड त्याआधीचं असूच शकत नाही. असाच तर्क तुमच्या स्टुडिओच्या नावाला लावा. पुठ्ठ्याच्या मागे प्रदर्शनांतली पदकं छापलेली असतात, त्यांवरचं सर्वांत अलीकडचं साल पाहा : फोटो त्यानंतरचा. पुठ्ठा फेकला तर हा सगळा पुरावा गेला.

कुजणाऱ्या पुठ्ठ्याला मागून त्याच मापाचा आम्लमुक्त जाड बोर्ड आधाराला द्या आणि दोन्ही एका पाकिटात ठेवा. चिकटवू नका. फोटो वाकलेला असेल तर वजन ठेवून सपाट करण्याचा मोह टाळा, अल्ब्युमेनचा थर तडकतो. आणि तो उजेडात लावू नका. या फोटोंमधले चांदीचे कण फार बारीक असतात, म्हणून ते फिकेही लवकर पडतात.

१९८०-८५च्या काळातले रंगीत फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत. पानं पिवळी, फोटो लालसर झालेत. काढायला गेलं तर फाटतात.
— एक वाचक, विलेपार्ले

या अल्बममध्ये पुठ्ठ्यावर गोंदाच्या रेघा असतात आणि वर पारदर्शक कागद, तो बऱ्याचदा पीव्हीसीचा. गोंद वर्षागणिक घट्ट होतो, म्हणून हे काम जितकं लांबेल तितकं अवघड. आधी पूर्ण पानाचा फोटो काढा, कारण कोणत्या फोटोशेजारी कोणता होता आणि खाली काय लिहिलं होतं हीही माहिती आहे. मग वरचा प्लास्टिकचा कागद उचलून, फोटोच्या कोपऱ्याखाली मेण नसलेला डेंटल फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, सरकवा. दोन्ही हातांनी धरून करवतीसारखा सावकाश मागे-पुढे करत, फोटोला समांतर न्या. फोटो उचलायचा नाही, वळवायचा नाही, सगळी हालचाल दोऱ्याची. एखादा अडला तर त्या फोटोभोवती पानाचा तुकडा कापून तो तसाच ठेवा. मागे चिकटलेला पुठ्ठा चालेल, फाटलेला चेहरा चालणार नाही. गोंद काढायला थिनर किंवा पेट्रोल लावू नका, रंग उतरतात.

लाली वेगळ्या कारणाने येते. रंगीत फोटोत निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या कागदांत निळसर द्रव्य अंधारातही, नुसत्या उष्णतेने, सर्वांत आधी विरतं, आणि उरतो तो लालसर. भिंतीवर उजेडात लावलेल्या फोटोत किरमिजी आधी जातो. गेलेलं द्रव्य कागदात परत येत नाही. म्हणून रंगीत फोटो काळ्यापांढऱ्यांच्या आधी स्कॅन करा. स्कॅनवर रंग बऱ्यापैकी परत आणता येतात, थोडंसं निळसर उरलेलं असेपर्यंत. निगेटिव्ह असतील तर आधी त्या.

वडिलांच्या निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येतो.
— एक वाचक, मुलुंड

फिल्मचा पाया ॲसिटेट या प्लास्टिकचा आहे आणि तो विघटित होतोय. निघणारा वायू ॲसेटिक ॲसिडच आहे. हा आजार स्वतःलाच चालना देतो : जितकं आम्ल साचतं तितकं विघटन वाढतं, आणि शेजारच्या चांगल्या फिल्मनाही लागण होते. वास येणाऱ्या फिल्म आजच वेगळ्या करा. घट्ट डब्यातून काढून कागदी पाकिटात, हवेशीर जागी ठेवा आणि लवकर स्कॅन करा, कारण पुढची पायरी म्हणजे पाया आकसतो आणि वरचा थर सुरकुत्या पडून उचलला जातो. स्कॅन झाल्यावर कोरड्या हवेत कागदी पाकिटासकट दोन झिपच्या पिशव्यांमध्ये घालून फ्रीजमध्ये ठेवता येतात. थंडीत क्रिया खूप मंदावते. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नका, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी थंड फिल्मवर जमेल.

काठावर इंग्रजीत सेफ्टी असं लिहिलेलं नसेल, फिल्म १९५१ पूर्वीची असेल, पिवळी-तपकिरी, चिकट झालेली असेल, तर ती नायट्रेटची असू शकते. ती सहज पेट घेते आणि पाण्यातही जळत राहते. जाळून खात्री करू नका. स्वयंपाकघरापासून, उन्हापासून दूर ठेवा, हवाबंद करू नका आणि चित्रपट जतन करणाऱ्या संस्थेशी बोला : पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय किंवा मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये अशाच नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून मूकपटांच्या काळापासूनचे किती तरी चित्रपट गेले.

पावसाचं पाणी घरात शिरलं आणि अल्बम भिजला तर पहिल्या दिवशी काय करावं?
— एक वाचक, कुर्ला

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर भिजलेल्या अल्बमचे गठ्ठे अनेकांनी सुकवायला म्हणून तसेच उन्हात ठेवले. नेमकं हेच करू नये. एकमेकांवर वाळलेले फोटो पुन्हा सुटत नाहीत. ओले आहेत तोवरच ते वेगळे होतात.

हातात मोजे घाला, पुराचं पाणी घाण असतं. अल्बमची पानं सुटी करा. स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत गठ्ठा बुडवा आणि आपोआप सैल होतील तसे फोटो एकेक वेगळे करा. कोमट पाणी नको, जिलेटिन विरघळेल. चित्राच्या बाजूला बोट लावू नका. दुसऱ्या स्वच्छ पाण्यात एकदा बुडवून काढा, मग न छापलेल्या कोऱ्या कागदावर किंवा टीपकागदावर चित्र वर करून, पंख्याचा झोत थेट येणार नाही असे पसरा. वर्तमानपत्राची शाई लागते. उन्हात ठेवू नका. वाळताना फोटो थोडे वळतील, ते नंतर पाहता येतं. इंकजेटवर छापलेले फोटो मात्र पाण्यात घालूच नका, शाई धुऊन जाईल, ते तसेच पसरा.

हे सगळं ४८ तासांत व्हायला हवं, त्यानंतर बुरशी. तेवढ्यात जमणार नसेल तर फोटोंमध्ये बटर पेपर घालून, पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका. मग सवडीने थोडे थोडे वितळवून वरची कृती करा. काचेच्या प्लेट्स फ्रीझरमध्ये घालू नयेत. पंख्याची वीज गेलेली असेल तर शेजारच्या विभागातल्या नातेवाइकाचा फ्रीझर मागा, इथे संकोच करू नये. आधी कोणते वाचवायचे? ज्यांची निगेटिव्ह किंवा दुसरी प्रत कुठेच नाही ते.

घरातले सुमारे ८०० फोटो स्कॅन करायचे आहेत. किती डीपीआय? आणि नंतर ते ठेवायचे कुठे? सध्या सगळे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत.
— एक वाचक, बोरिवली

डीपीआय म्हणजे एका इंचात स्कॅनर टिपतो ते ठिपके. चार बाय सहा इंचाच्या फोटोला ६०० पुरेसे. त्यातून २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात आणि टिफ फाइल साधारण २६ एमबीची होते. ८०० फोटोंना सुमारे २१ जीबी, म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही. पासपोर्ट आकाराचे आणि त्याहून लहान फोटो १२०० वर घ्या. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला ४०००, त्यातून सुमारे २१ मेगापिक्सेलचं चित्र येतं. काळेपांढरे फोटोही रंगीत मोडवर स्कॅन करा, म्हणजे तपकिरी छटा आणि डाग खरे उतरतात. स्कॅनरची स्वयंचलित सुधारणा बंद ठेवा. इन्फ्रारेडने धूळ काढण्याची सोय रंगीत निगेटिव्हला चालते, काळ्यापांढऱ्याला नाही, कारण चांदीच त्या किरणांना अडवते आणि चित्राचेच तुकडे धूळ समजून पुसले जातात.

टिफ ही मूळ फाइल, तिला हात लावायचा नाही. सुधारणा आणि वाटप जेपेगच्या प्रतीवर. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आकसतो आणि त्यातली तारीख वगैरे माहिती गळते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि ग्रुपला संग्रह समजू नका.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या पत्त्यावर. एक हार्डडिस्क घरी, एक पुण्या-नाशिकच्या भावाकडे, एक क्लाउडवर. हार्डडिस्क वर्षातून एकदा लावून उघडून पाहा आणि पाचेक वर्षांनी नवी घ्या. वापरात नसलेला एसएसडी किंवा पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला योग्य नाही, त्यातला विद्युतभार झिरपतो. क्लाउडमध्ये एक खाच आहे : फोनशी जोडलेल्या खात्यात फोनवरचा फोटो पुसला की क्लाउडवरचाही पुसला जातो. शिवाय दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल बंद करू शकतं. खातं आजोबांच्या नावाने असेल तर नातवंडांपैकी एकाकडे त्याची जबाबदारी आजच द्या.

आणि स्कॅन झाले म्हणून मूळ फोटो रद्दीत देऊ नका. मागची अक्षरं, स्टुडिओचा शिक्का, कागदाचा प्रकार स्कॅनमध्ये पूर्ण येत नाही, आणि उद्या याहून चांगला स्कॅन करावासा वाटला तर मूळ लागेल.

आमच्या मंडळाकडे उत्सवाचे, मेळ्यांचे, शाखेच्या कार्यक्रमांचे चारेकशे जुने फोटो आहेत, काही काचेच्या निगेटिव्हही. बहुतेकांवर नाव नाही, साल नाही. सुरुवात कुठून करावी?
— एका मंडळाचे कार्यकर्ते, परळ

सुरुवात माणसांपासून करा, कारण फोटो आणखी दहा वर्षं थांबतील, त्यातले चेहरे ओळखणारी माणसं थांबणार नाहीत. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या. तो कागदाच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने, फोटो काचेवर पालथा ठेवून, दाब न देता लिहा. १९७० नंतरच्या प्लास्टिक लेपाच्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर. बॉलपेन आणि रबरी शिक्का नको, शाई पुढे उतरते. मग स्कॅन ए-३ कागदावर मोठे छापा, वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याभोवती रेघ ओढा आणि आकडे घाला. हा कागद घेऊन विभागातल्या जुन्या मंडळींकडे जा. फोनवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. कोणी सांगितलं आणि कधी, हे नोंदवहीत हवंच. दोघांनी वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहा. अंदाजाचं नाव खात्रीच्या रकान्यात जाऊ देऊ नका, ते पुढे खरं होऊन बसतं.

साल ठरवायला पार्श्वभूमी पाहा. रस्त्यावर ट्राम दिसली तर फोटो ३१ मार्च १९६४ च्या आधीचा, त्या दिवशी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. फ्लोरा फाउंटनजवळ हुतात्मा स्मारक दिसलं तर १९६१ किंवा नंतरचा. काळा घोडा मूळ जागी असेल तर १९६५ च्या आधीचा, त्या साली तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. दुकानाच्या पाटीवर नये पैसे लिहिलेले असतील तर एप्रिल १९५७ नंतरचा. गिरणीच्या चिमणीचा धूर, सिनेमाची पोस्टरं, निवडणुकीच्या भिंती हेही बोलतं. वर्गणीच्या पावत्या आणि अहवाल फेकले नसतील तर तेही काढा, फोटोंची निम्मी नावं तिथे सापडतात.

काचेच्या प्लेट्सबद्दल. धरताना दोन्ही हातांनी, फक्त कडांना. चकाकणारी बाजू काचेची, मंद दिसणारी चित्राची. काचेची बाजू डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम ओलावलेल्या कापसाने पुसता येते, चित्राच्या बाजूला कोरडा ब्लोअरसुद्धा थर उचललेला नसेल तरच. स्पिरिट कधीच नको : प्लेट कलोडियनची, म्हणजे जिलेटिनच्या आधीच्या जुन्या थराची, निघाली तर चित्रच विरघळेल. प्रत्येक प्लेटला चार पाखांचा कागदी लिफाफा, आणि पेटीत लांब कडेवर उभ्या, मध्ये मध्ये जाड पुठ्ठा. आडव्या रचल्या की वरच्यांच्या वजनाने खालच्या तडकतात. पेटी हलकी ठेवा, पंचवीस-तीस प्लेट्सच पुष्कळ जड होतात. पेटीवर बाहेर मोठ्या अक्षरांत काच लिहा, मंडप घालायच्या दिवसांत सामान कोण हलवेल सांगता येत नाही.

संग्रह एखाद्या संस्थेला द्यायचा विचार असेल तर देताना लेखी ठरवा : मंडळाला प्रती कधी आणि कशा मिळणार, कोणाला पाहता येणार, छापायला परवानगी कोण देणार. हक्कांचा मुद्दा इथे येतोच. भारतीय कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून मंडळाने फोटोग्राफरला दिलेल्या पैशांची जुनी पावती सापडली तर तीही त्याच पेटीत, वेगळ्या पाकिटात ठेवा.